बाटलीचा नाद

मला बाटलीचा नाद आहे. हे वाक्य मराठीत फार जपून उच्चारावं लागतं. पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्याला लोक 'छंदिष्ट' म्हणतात. जुनी नाणी जमवणाऱ्याला 'अभ्यासक' म्हणतात. दुसऱ्यांची पुस्तकं जमवणाऱ्यालासुद्धा 'रसिक' म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण बाटल्या जमवतो म्हटलं, की ऐकणारा आधी दोन पावलं जवळ येऊन हळूच श्वास घेतो आणि मग आवाज उतरवून विचारतो, "वहिनी कशा आहेत?"

वहिनी उत्तम आहेत. त्यांची तक्रार वेगळीच आहे, ती पुढे येईलच.

"अहो, रिकाम्या बाटल्यांचा नाद आहे," असा खुलासा केला, तर प्रकरण अधिकच चिघळतं. 'भरलेल्या कोणी रिकाम्या केल्या?' हा प्रश्न समोरच्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतो. तेव्हा एकदा सगळं नीट सांगून टाकावं म्हणून हा लेख. माझ्याकडे आजमितीला १४२ बाटल्या आहेत. त्या जुन्या आहेत, जाड काचेच्या आहेत, बहुतेकींच्या अंगावर उठावाची अक्षरं आहेत आणि ज्यांचं नशीब थोर, त्यांच्या डोक्यावर काचेचं नक्षीदार बूचही आहे. आत काही नाही. कधीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण जे होतं ते माझ्या जन्माच्या आधीच लोक पिऊन, चोळून किंवा नाकाला लावून मोकळे झाले होते.

खरं म्हणजे मराठी भाषेनेच बाटलीवर अन्याय केलाय. तीच काच, तोच आकार, पण औषधाची असली की ती शिशी, अत्तराची असली की कुपी, लोणच्याची असली की बरणी, थंड पाण्याची असली की सुरई, आणि बदनामीची असली की बाटली! माझ्या संग्रहात ही सगळी भावंडं एका फळीवर नांदतात. पाहुण्यांना दाखवताना मी मुद्दाम कुपीपासून सुरुवात करतो. बाटलीपर्यंत येईतो त्यांचं मन तयार झालेलं असतं.

आता या उठावाच्या अक्षरांचं कौतुक काय, असं कोणी विचारील. हल्ली बाटलीवर कागद चिकटवतात. पाणी लागलं की कागद गेला, आणि कागद गेला की बाटली निनावी झाली. पूर्वी लोखंडी साच्याच्या आतल्या बाजूला अक्षरं उलटी कोरत, त्यात तापून लाल झालेला काचेचा गोळा फुंकत, आणि बाटली बाहेर यायची ती नाव अंगावर घेऊनच. असं करण्यात हौस कमी आणि व्यवहार जास्त होता. बाटली ही त्या काळी आतल्या मालापेक्षा महाग पडायची. ती धुऊन पुन्हा भरायची, म्हणून परत यायला हवी असायची. त्यामुळे सोडावाले, औषधवाले, दारूवाले आपापली नावं काचेतच ओतून घेत. काही बाटल्यांवर तर 'ही बाटली अमक्या कंपनीच्या मालकीची आहे' असा सरळ दमच भरलेला असतो. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते आतल्या सोड्याचे. बाटली नुसती वापरायला मिळाली. आत्मा आणि देह यांच्याबद्दल आपले संत जे सांगून गेले, ते सोडावाल्याने उलट बाजूने सांगितलं. इथे आत्मा आपला आणि देह कंपनीचा!

ही अक्षरं डोळ्यांनी वाचण्यात निम्मीच मजा आहे. ती अंगठ्याने वाचायची असतात. माझ्याकडे एक गडद निळी, सहा बाजूंची लहानशी शिशी आहे. तिच्या अंगावर उभ्या रेघा आहेत आणि इंग्रजीत 'घेऊ नये' अशा अर्थाची अक्षरं आहेत. ही विषाची शिशी. विजेचे दिवे नव्हते तेव्हाची गोष्ट. रात्री खोकल्याची ढास लागली, की माणूस अंधारात कपाटात हात घालायचा. औषधाची शिशी गुळगुळीत, विषाची खरखरीत. बोटांना रेघा लागल्या की हात मागे यायचा. कोणा अनोळखी कारागिराने कोणा अनोळखी माणसाची काळजी काचेत ओतून ठेवली होती. माझी आठ वर्षांची नात डोळे मिटून माझ्या बाटल्या बोटांनी ओळखते, आणि या शिशीपाशी आली की दर वेळी हात झटकून "ईऽ!" करते. शंभर वर्षांनी का होईना, शिशी आपलं काम चोख बजावते आहे.

दुसरी मानाची बाटली गोटी सोड्याची. वसई स्टेशनबाहेर ज्यांनी उन्हाळ्यात गोटी सोडा प्यायलाय, त्यांना तिच्याबद्दल सांगायला नको. हिराम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरायची. आतला वायू काचेच्या गोटीला वर रेटतो आणि गोटी मानेतल्या रबरी कड्यावर घट्ट बसते. म्हणजे बाटलीचं बूच बाटलीच्या पोटातच! लाकडी दट्ट्याने गोटी दाबली, की 'फट्' असा आवाज होऊन गोटी मानेत उतरते आणि तिथल्या खाचेत गुपचूप बसून राहते. इतका शिस्तीचा रक्षक मी सरकारी नोकरीतसुद्धा पाहिला नाही. पण या बाटलीचा एक शत्रू निघाला, आणि तो म्हणजे मुलगा. जगातल्या सगळ्या देशांतल्या मुलांनी आतल्या एका गोटीसाठी अख्ख्या बाटल्या फोडल्या. म्हणून जुनी, शाबूत गोटीची बाटली मिळणं कठीण. आमचे एक स्नेही माझ्या बाटलीकडे बराच वेळ टक लावून बघत होते. मला वाटलं, संग्राहकाचा डोळा! शेवटी ते हळूच म्हणाले, "अजूनसुद्धा फोडावीशी वाटते हो."

बाटलीचं वय ओळखायचं शास्त्र आहे. साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण बाटलीच्या अंगावर उमटते. ती शिवण मानेपर्यंत येऊन थांबली, तर ओठ नंतर हाताने घडवलेला आहे, म्हणजे बाटली जुनी. शिवण थेट ओठावरून पार गेली, तर बाटली यंत्राची. बाटल्या आपोआप तयार करणारं यंत्र मायकेल ओवेन्स या अमेरिकनाने १९०३ च्या सुमारास आणलं आणि फुंकणाऱ्यांचे गाल सुटले. शिवाय काचेत बुडबुडे असले, तळ जरा वाकडा असला, बाटली टेबलावर किंचित डुलली, की आम्ही संग्राहक आनंदाने डुलतो. इतर सर्व बाबतींत ज्या दोषांवरून माल परत करतात, त्याच दोषांना इथे जास्त पैसे पडतात. या वयात हा विचार मला फार सुखाचा वाटतो.

काही पांढऱ्या बाटल्या जांभळट होतात, तेही असंच. वाळूतल्या लोहामुळे काचेला हिरवट झाक येते. ती घालवायला पूर्वी मँगनीज घालत. पण वर्षानुवर्षं उन्हात राहिली, की त्याच मँगनीजमुळे काच हळूहळू जांभळी होते. मी निवृत्तीनंतर रोज सकाळी गच्चीत उन्हाला बसतो. अजून फरक नाही.

आता बूच. बूच म्हणजे नुसतं झाकण, असं ज्याला वाटतं त्याने पुढे वाचू नये. झाकण कोणाचंही कोणालाही बसतं. लाकडी गुडदीसुद्धा तासून बसवता येते. पण काचेचं घासून बसवलेलं बूच ही वेगळी जात आहे. ते बूच आणि त्या बाटलीची मान एकमेकांवर घासून घासून जुळवलेली असते. त्या बाटलीला तेच बूच आणि त्या बुचाला तीच बाटली. अदलाबदल होऊ नये म्हणून जुन्या इंग्रजी कारखान्यांत बुचाच्या बुडाला आणि बाटलीच्या मानेला एकच आकडा कोरत. आपल्याकडे लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधतात म्हणतात. तिकडे निदान क्रमांक तरी टाकत.

हे बूच कधीकधी अडकतं. मग ओढाताण करायची नाही. मानेभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळायचं, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा, आणि अगदी हळू, उगाच दार वाजवल्यासारखं, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने टिचक्या मारायच्या. मान तापून जरा फुगते आणि बूच सुटतं. हे सगळं मी एकदा सौभाग्यवतींना समजावून सांगत होतो. त्या म्हणाल्या, "एवढ्या हळुवारपणे माझ्याशी कधी बोललात का?" वर उल्लेखिलेली तक्रार ती हीच.

बाटल्या येतात कुठून? थोड्या मुंबईच्या चोरबाजारातून. तिथल्या दुकानदारांच्या मते त्यांच्याकडची प्रत्येक वस्तू 'अंग्रेज के टाइम' की असते. मी एकदा त्यांचा चहा प्यायलोय. तोही त्याच काळात केलेला असावा. पण बाटली विकत घेणं हा सोपा भाग. ती संध्याकाळी वसईला आणणं, तीही विरार लोकलने, याला छाती लागते. १८६७ साली विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली लोकल धावली, असं इतिहास सांगतो. तिच्यात चौथी सीट मागावी लागली नसेल. आता काचेची बाटली घेऊन विरार गाडीत शिरणं म्हणजे तळहातावर दिवा घेऊन वादळात शिरणं. मी आधी उलटा चर्चगेटला जातो, खिडकी पकडतो आणि पिशवी मांडीवर घेऊन बसतो. तरी दादरला गर्दीची लाट येतेच. एकदा मी ओरडलो, "सांभाळून हो, बाटली आहे!" सगळा डबा एकदम प्रेमळ झाला. लोकांनी स्वतः चेंगरून घेऊन माझ्याभोवती हाताचं कडं केलं. "काकांना त्रास देऊ नका, काका बाटली घेऊन चाललेत," असं एकाने पार दरवाजापर्यंत कळवलं. बोरिवलीला उतरताना एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून "जपून घ्या" असा सल्ला दिला. त्यात अत्तराची कुपी होती हे सांगून मी त्या सज्जनांचं मन मोडलं नाही.

पण माझ्या बहुतेक बाटल्या वसईच्याच आहेत. इथल्या वाड्यांतली जुनी कौलारू घरं एकेक करून जातायत. घर पाडायचं ठरलं की आधी पोटमाळा रिकामा होतो, आणि पोटमाळ्यावर जुन्या तांब्यापितळेच्या मागे, कोळिष्टकांच्या पडद्याआड बाटल्या हमखास असतात. रॉकेलच्या, खोबरेल तेलाच्या, शिरक्याच्या, गेलेल्या आजीच्या संधिवाताच्या. तांबंपितळ भाऊबंद वाटून घेतात, लाकूड ठेकेदार नेतो आणि बाटल्यांची वेळ आली की कोणाला तरी माझी आठवण होते. मी पिशवी घेऊन हजर. एका अत्यंत प्रतिष्ठित घरात कंगोरे पाडलेली, मद्य वाढायची बिलोरी सुरई निघाली. घरातले वडीलधारे घाईघाईने म्हणाले, "ती गंगाजलाची." मी मान डोलावली. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, तेव्हापासून वसईतल्या सगळ्या चांगल्या घरांतल्या अशा सुरयांत गंगाजलच होतं, असं मला निरनिराळ्या तोंडून कळलंय. तेवढं गंगाजल खरंच आलं असतं, तर वसईच्या खाडीचं पाणी केव्हाच गोडं झालं असतं.

आमच्या गावाला वस्तू जाताना बघायची सवय जुनी आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून देशावर नेल्या. भीमाशंकरला एक टांगली आहे, वाईजवळ मेणवलीला दुसरी आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियमेची उठावाची मूर्ती आहे आणि १७०७ हे साल आहे. मी ती पाहायला मुद्दाम गेलो होतो. देवळात येणारा घंटा वाजवतो आणि शंकराला नमस्कार करतो. घंटेवरची आई मुलाला घेऊन शांतपणे हेलकावे घेते. कोणी ते नाव, ते साल, ती मूर्ती खरवडून काढली नाही. उठावाच्या कामाचं हेच मोठेपण. कागद असता तर केव्हाच गेला असता.

तसं माणसांनाही लेबलं लागतात आणि बदलतात. २००९ साली मी ग्रामस्थ-नगरवासी वगैरे होतो तो महापालिकेचा नागरिक झालो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यात झोपलेला मी पालघर जिल्ह्यात उठलो. कूस बदलली तेवढीच, जागेवरून हललो नव्हतो. जुन्या घराच्या जागी इमारत झाली आणि मी तिसऱ्या मजल्यावर गेलो, तेव्हा दाराला नंबर आला. माझ्या अंगावर उठावाचं एखादं अक्षर शिल्लक असेल तर ते वसई हेच.

माझ्या फळीवर कंदिलाच्या दोन काचाही आहेत. त्यांना बाटलीत जागा देण्याबद्दल शुद्धतावादी संग्राहक नाक मुरडतात. पण काचेचा विषय निघाला आणि मराठी माणसाने ओगल्यांचं नाव घेतलं नाही, तर कसं व्हायचं? कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्या घरात नव्हता, त्या घरात अभ्यास झाला नसेल, असं माझे वडील म्हणत. त्याच्याही आधी, १९०८ साली, तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावंच्या गावं पालथी घातली, लोकमान्य टिळकांनी पाठीशी बळ उभं केलं आणि त्या पैशापैशातून भट्टी पेटली. परदेशी बाटलीत स्वदेशी औषध भरायची लाज वाटणारी माणसं होती ती. पैशाला किंमत होती म्हणून हे झालं, असं नाही. पैसा देणाऱ्याला होती.

आता सौभाग्यवतींच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो, कारण ती पहिलीपेक्षा गंभीर आहे. जुन्या घरात बाटल्यांना माळा होता, पडवी होती. फ्लॅटमध्ये त्या आणि आम्ही समोरासमोर आलो. देवघराच्या वर सोडा, टीव्हीच्या बाजूला विष आणि पलंगाखाली खोक्यांतून उरलेली कंपनी. एक दिवस केर काढता काढता त्यांनी झाडू टेकवला आणि शांतपणे विचारलं, "अहो, आपल्यानंतर यांचं काय?"

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, सगळ्यांचे फोटो काढून ठेवू. म्हणजे त्या राहतील आणि जागाही राहील." सुनेने एक निळी बाटली मनी प्लांटसाठी मागितली. ती मी दिली, कारण नाही म्हणायची माझी प्राज्ञा नाही.

त्या दिवसांत मला पुण्याच्या दिनकर केळकरांची फार आठवण यायची. हा माणूस मूळचा चष्म्यांच्या दुकानाचा मालक, 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारा. लोकांना दिसावं म्हणून काचा विकायचा आणि लोकांना दिसत नसलेल्या वस्तू स्वतः जमवायचा. दिवे, अडकित्ते, कुलपं, दौती, दारं. गावोगाव हिंडून हजारो वस्तू गोळा केल्या, आणि त्या सगळ्याला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या आपल्या राजाचं. १९७५ साली तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. राजा केळकर संग्रहालयात गेलो की लोक अडकित्ते मोजतात. मला मात्र दारावरच्या नावाशीच थांबायला होतं. आयुष्यभर जमवलं आणि त्यातल्या एकाही वस्तूवर स्वतःचं नाव घातलं नाही. घातलं ते मुलाचं. उठावाचं अक्षर म्हणजे काय, ते तिथे कळतं.

पण ते केळकर होते. माझ्या १४२ बाटल्या घ्यायला सरकार तयार होईल अशी लक्षणं नाहीत. झालंच तर उत्पादन शुल्क खातं तेवढं येईल.

मग मी एक ठरवलं. ज्यांची घरं अजून उभी आहेत, त्यांना त्यांच्या बाटल्या निदान दाखवून तरी यायच्या. त्यातूनच गिरीजच्या वाटेवरच्या एका मावशींची ओळख झाली. वय ऐंशीच्या पुढे, लुगडं जुन्या पद्धतीचं, गळ्यात क्रूस, आणि नजर अशी की माझी पिशवी बघताच म्हणाल्या, "काच हाय ना आत? बसा सांभाळून." त्यांच्या पूर्वेच्या खिडकीत दोऱ्याने बांधलेलं एक बूच लटकत होतं. बिलोरी, बारा पैलूंचं, कैरीएवढं. सकाळचं ऊन त्यातून येऊन भिंतीवर रंगांचे ठिपके पडले होते आणि वाऱ्याने ते येशूच्या तसबिरीवरून कॅलेंडरवर आणि कॅलेंडरवरून परत तसबिरीवर फिरत होते.

"आईने लग्नात दिलेली सुरई होती," मावशी म्हणाल्या. "घर बदलताना फुटली. बूच तेवढं राहिलं. आमचे हे म्हणायचे, टाकून दे. मी म्हटलं, असू दे. आता हेही गेले. घरात असंच असतं बघा भाऊ, एक जातं, एक राहतं."

माझ्याकडे अकरा वर्षं एक सुरई बुचाशिवाय बसली आहे. आठ कोनांची, देखणी, मान उघडी. मी दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेलो. तिच्या मानेवर सतरा आकडा आहे आणि मावशींच्या बुचावर चार. पण पत्रिका जुळत नाही म्हणून मुलगी बघायचीच नाही, असं थोडंच आहे? मावशींनी दोरा सोडला, बूच पदराने पुसलं आणि माझ्या हातात न देता स्वतःच सुरईच्या मानेत ठेवलं.

ते खुळखुळलं. सुपारी डब्यात वाजावी तसं.

आम्ही दोघं क्षणभर गप्प बसलो. मग मावशींनी ते उचललं, परत दोऱ्यात ओवलं, खिडकीत बांधलं आणि मोठा सुस्कारा सोडून म्हणाल्या, "बरं झालं. बसलं असतं तर तुम्हाला द्यावं लागलं असतं."

मला एकदम हसू आलं, आणि मग मावशींनाही. ज्या प्रश्नाने माझी झोप गेली होती, त्याला या बाईने सरळ दोऱ्याने खिडकीत टांगून ठेवलं होतं. उरलेल्या वस्तूचं आपल्यानंतर काय, हा हिशेब त्यांनी केलाच नव्हता. आज सकाळी ऊन आलं, भिंतीवर रंग पडले, संपलं.

निघताना मावशी आत गेल्या आणि एक बाटली घेऊन आल्या. तपकिरी, बिअरची, जुनी, खांद्याशी उठावाची अक्षरं असलेली, आणि तोंडापर्यंत लाल मसाल्याने ठासून भरलेली. वसईच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांतला हा प्रसिद्ध बाटली मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवतात, दोन-अडीच डझन जिन्नस भाजून कांडतात आणि काठीने दाबून दाबून गडद काचेच्या बाटल्यांत भरतात. काच गडद म्हणून रंग उडत नाही, वास उडत नाही, वर्षभर टिकतो. मराठी भाषेत बाटली या शब्दाला इतकी इज्जत दुसऱ्या कोणी दिली असेल, असं मला वाटत नाही.

मी अंगठा अक्षरांवरून फिरवला. मावशींनी तो बघितला. "मसाला तुमचा," त्या म्हणाल्या, "बाटली परत पाहिजे हं."

सोडावाल्याने काचेत जे ओतून ठेवलं होतं, ते मावशींनी तोंडी सांगितलं. मी तसा शब्द दिला आणि त्या दिवशी विरार लोकल नसतानाही बाटली छातीशी धरून घरी आलो.

सौभाग्यवतींनी मसाला चाखला आणि बाटल्यांविषयीचं त्यांचं मत बरंच मवाळ झालं. घरात १४३ वी बाटली आली होती, आणि पहिल्यांदाच आत काही असलेली. ती मात्र फळीवर गेली नाही, स्वयंपाकघरात राहिली. मार्चच्या अखेरीस मसाला तळाला गेला. सौभाग्यवतींनी बाटली गरम पाण्याने धुतली, उन्हात पालथी घातली आणि मी जवळ घुटमळताना पाहून लांबूनच बजावलं, "ती आपली नाही. मावशींनी मिरच्या वाळत घातल्यात. उद्या नेऊन द्या."